पक्षात आलेलं घड्याळ

मुलांनो,

गेल्या रविवारी थोरलीने फोनवर विचारलं, "आजी, तू आजोबांच्या घड्याळासाठी टेबल केलं होतंस ना? ते मला पाठव. मला क्रॉस-कंट्रीच्या टीममध्ये घेतलंय." मागून धाकट्याचा आवाज आला, "पण आजोबांचं घड्याळ तर चाललंच नव्हतं!" तुमचे बाबा स्क्रीनवरून बाजूला झाले. मी म्हटलं, पाठवते. कुकरच्या शिट्ट्या झाल्या असं सांगून मी फोन बंद केला. कुकर मी लावलाच नव्हता.

टेबल सोबत जोडलं आहे. अकरा घड्याळं आणि नऊ रकाने. पण धाकटा जे म्हणाला ते खरं नाही, आणि ते दुरुस्त केल्याशिवाय टेबल पाठवणं मला जमेना.

इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. तीस वर्षं मी इंग्रजी शाळेत भूगोल शिकवला, नंतर सुपरव्हायझर झाले, घरातली सगळी पत्रं मीच लिहीत आले. दोनदा इंग्रजीत सुरुवातही केली. पण दोन्ही वेळा दुसऱ्याच परिच्छेदात मी आपल्याकडच्या चालीरीती समजावून सांगायला लागले, म्हणजे जे झालं ते जणू चालीरीतींनीच केलं. ते मी केलं. म्हणून मराठीत लिहिते आहे. अडेल तिथे बाबांना विचारा.

तुमचे आजोबा मरोळच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. एक सूत इकडचं तिकडे झालं तरी आख्खा डाय, म्हणजे साचा, परत करायला लावणारा माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी चालण्याचं तसंच केलं. रोज पहाटे बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जायचे आणि तीन तासांनी परत यायचे. बरोबर पाच मित्र. दर हिवाळ्यात हे सहाजण एक अवघड किल्ला चढायचे आणि त्यासाठी गणपतीपासून तयारी करायचे. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून चढ चढायचा, दर आठवड्याला एक बाटली वाढवायची. आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि पाचही मित्रांना मागे टाकत होते.

गेल्या वर्षी जुलैत ते एक दिवस दहा वाजले तरी आले नाहीत. अकराला एक रिक्षावाला त्यांना घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "मावशी, काका कांदिवलीला उभे होते. पत्ता सांगता येईना. खिशात ह्या सोसायटीची पावती होती म्हणून आलो." आजोबा त्याच्या मागे, घामाने भिजलेले. माझ्याकडे न बघता ते आत गेले आणि बूट काढायला बसले. त्यांना नाडी सोडवता येत नव्हती. मी खाली वाकले तर म्हणाले, "राहू दे. मी करीन." वीस मिनिटं लागली.

ऑगस्टमध्ये पुन्हा तेच झालं. फोन घरीच राहिला होता.

डॉक्टरबाई तरुण होत्या पण स्पष्ट बोलल्या. आजार हळूहळू वाढणार. चालणं बंद करू नका, त्यानेच मेंदू टिकून आहे. पण एकटं सोडायचं असेल तर अंगावर काहीतरी हवं, ज्यावरून ते कुठे आहेत ते घरी कळेल. ते नसेल तर एकटं सोडायचं नाही. "एक दिवससुद्धा नाही," असं त्या म्हणाल्या होत्या. माझ्या वहीत ते शब्द आहेत.

म्हणजे प्रश्न एवढाच होता, आजोबांना एकट्याने बाहेर पडता येणार की दाराला कडी लागणार.

म्हाताऱ्यांसाठी मिळतं ते नारिंगी बटणाचं लॉकेट मी मागवलं. आजोबांनी ते हातात धरून हलवलं. "वाजत कशी नाही घंटा? गाय हरवली की वाजायला नको?" आणि चपलांच्या खणात टाकून दिलं.

मग तुमच्या बाबांनी सुचवलं, "आई, आपण त्यांना स्पोर्ट्स वॉच घेऊ. डोंगरात पळणारे लोक वापरतात ते, चांगल्यातलं. बाबांना सांगू ट्रेनिंगसाठी आहे. खोटंही नाही ते." ठिपका आमच्या सगळ्यांच्या फोनवर दिसेल, ठरवलेल्या वर्तुळाबाहेर आजोबा गेले की आम्हाला सूचना येईल. मला कल्पना आवडली. मी वही काढली.

थोरले, तुझ्या कामाचं आहे ते इथे सांगते. पहिला आठवडा मी संपूर्ण चुकीचा अभ्यास केला. जीपीएस आहे म्हणजे घड्याळ कुठे आहे ते आपल्याला कळणार, असं मी धरून चालले होते. अक्षांश-रेखांश शिकवण्यात जन्म गेला आणि एवढं लक्षात आलं नाही की घड्याळ उपग्रहांचं फक्त ऐकतं. आपण कुठे आहोत ते त्याला कळतं, पण ते कुणाला सांगत नाही. सांगण्यासाठी एकतर जवळ फोन लागतो नाहीतर घड्याळातच सिमकार्ड लागतं. फोन तर आजोबा विसरत होते. म्हणजे सिमवालंच हवं. आणि सिमवाल्यांची बॅटरी जेमतेम दीड दिवस. पंधरा-वीस दिवस चालणारी घड्याळं सगळी मुकी. मी अकरापैकी आठ नावांवर काट मारली.

तुझं तसं नाही. तू फोन घेऊन पळणार नाहीस आणि तुझ्यामागे शिक्षक असतील. तू बॅटरी बघ. झाडीत आणि उंच इमारतींमध्ये ठिपका किती भरकटतो ते बघ, त्याचा रकाना सहावा आहे. पडदा भर उन्हात वाचता आला पाहिजे. आणि बटणं हवीत, घामेजलेल्या बोटांना नुसती काच ऐकत नाही. वजन हलकं घे, नाहीतर महिन्याने ते ड्रॉवरमध्ये जाईल.

गणपतीच्या दिवसांत आम्ही दोघं अंधेरीला दुकानात गेलो. तिथल्या मुलीने मखमलीवर तीन घड्याळं मांडली. आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक डोळ्याजवळ नेऊन कड तपासली, बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"ह्याच्या बटणाला प्ले आहे," ते म्हणाले. "हे बघ, डुगडुगतंय. हे दुसरं बरं केलंय कुणीतरी."

मुलगी खूश झाली. "अंकल, तुम्ही मॅरेथॉन करता का?"

"नाही," आजोबा म्हणाले. "मी हरवतो."

ती हसली. तिला वाटलं विनोद आहे. मी घड्याळाच्या पट्ट्याबद्दल काहीतरी विचारलं.

रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "एवढं नाटक कशाला करता गं मायलेक? सरळ सांगितलं असतंत तरी घेतलं असतं मी."

"सांगणार होते."

"हे घातलं की एकट्याला सोडशील ना?"

"सोडीन."

"नक्की?"

"नक्की. डॉक्टरीणबाईच म्हणाल्यात."

"मग घे," ते म्हणाले. "महाग असलं तरी घे."

त्यांच्या मनगटाला बसणारा पट्टा दुकानात नव्हता, मागवावा लागणार होता. घड्याळ घरी आलं तेव्हा अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. पितृपक्षाचा तिसरा दिवस होता.

पितृपक्ष म्हणजे भाद्रपदातला तो पंधरवडा, गेलेल्या माणसांचा. आपण नुसतं 'पक्ष' म्हणतो. त्या दिवसांत नवीन काही घ्यायचं नाही, नवीन अंगाला लावायचं नाही, शुभ काही सुरू करायचं नाही. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या बाबांची आजी, कणकवलीकडच्या. त्यांचं हे फार कडक होतं. त्यांच्या धाकट्या दिराने म्हणे पक्षात सायकल घेतली, आणि चौथ्या दिवशी तो तिच्यासकट विहिरीत गेला. ही गोष्ट त्या दर वर्षी सांगायच्या. दर वर्षी मी विचारायची, "सायकलला ब्रेक होते का?" आणि आजोबा तोंडावर पेपर धरून हसायचे. तो त्यांच्या-माझ्यातला जुना विनोद होता. शाळेत बदली शिक्षिका पक्षात नवी वही सुरू करायला कुरकुरायच्या तेव्हा मी त्यांना स्टाफरूममध्ये चांगलं सुनावलेलं आहे.

पेटी उघडली. घड्याळ सुंदर होतं, काळं, जड नाही, काचेवर ओरखडा उठणार नाही असं. मी सिम चालू केलं, चार्ज केलं, फोनवर ॲप घेतलं. नकाशावर आमच्या इमारतीवर एक निळा ठिपका आला. तुमच्या बाबांना फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'आलं. चालू केलं.' त्यांचं उत्तर आलं, 'थँक गॉड.'

आजोबांनी हात पुढे केला. "आण इकडे."

आणि मी म्हटलं, "घटस्थापनेला घाला."

घटस्थापना म्हणजे नवरात्राचा पहिला दिवस. पक्ष संपला की दुसऱ्या दिवशी.

त्यांचा हात तसाच पुढे होता. "का?"

"पक्ष चालू आहे."

"तू कधीपासनं पक्ष मानायला लागलीस?"

"मानत नाही. पण बारा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"सायकलला ब्रेक होते काय गो?" त्यांनी त्यांच्या आईच्या आवाजात विचारलं. "अगं, दे की. नुसतं घालून बघतो."

मी पेटी बंद करून कपाटात ठेवली.

का ठेवली, ह्याचा मी वर्षभर विचार करते आहे. मी पक्ष मानत नव्हते, आजही मानत नाही. पण मी घाबरलेली होते. तोपर्यंत मी न मानण्याची चैन केली होती, कारण घरात सगळे धड होते. आता मला वाटलं, ह्या दिवसांत ते घातलं आणि काही झालं, तर जन्मभर मला सासूबाईंची सायकल ऐकू येईल. उगाच विषाची परीक्षा कशाला. एवढंच. त्यात श्रद्धा नव्हती, देव नव्हता. कुणी मला दोष देऊ नये, मीसुद्धा मला दोष देऊ नये, ह्याची ती तजवीज होती. आणि खरं सांगायचं तर मला वेळही हवा होता. एकशे चाळीस पानांची पुस्तिका नीट वाचायची होती, सूचना लिहून काढायच्या होत्या. सगळं यथास्थित झाल्यावर एका चांगल्या दिवशी सुरुवात करायची, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

तुमच्या बाबांना मी हे सांगितलं नाही. तो चिडला असता.

त्यातले सुरुवातीचे काही दिवस मी त्यांच्याबरोबर पार्कात गेले. माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. मी गेटपासून पहिल्या बाकापर्यंत जायची आणि तिथेच बसायची. आजोबांना माझ्या नजरेच्या टप्प्यात फेऱ्या मारायला लावायची. पाचही मित्र पाठीवर पिशव्या घेऊन चढाकडे जाताना आमच्या समोरून जायचे. "काय, पॅरोलवर का?" एक जण ओरडला. दुसरा म्हणाला, "अरे हेडबाई आहेत बरोबर, गप रांगेत चला." आजोबांनी हसून हात केला. ते दिसेनासे झाल्यावर आजोबा माझ्या बाकाशी आले आणि म्हणाले, "उद्यापासनं नको."

"काय नको?"

"यायलाच नको. घरीच बसू. घटस्थापनेला बघू."

मी म्हटलं, चालेल. मला बरंच वाटलं. गुडघे दुखत होते.

आमच्याकडे सगळ्यांचा म्हाळ अमावास्येला एकत्रच असतो. म्हाळ म्हणजे पितरांसाठीचं जेवण. पहाटेपासून मी स्वयंपाकघरात होते. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, अळू, भोपळा, खीर. हेही मी न मानता पस्तीस वर्षं करत आले, सासूबाईंसाठी आणि मग सवयीने. कामवाली त्या दिवशी तिच्या घरी होती, तिच्याकडेही म्हाळ होता. साडेअकराला मी केळीच्या पानाच्या तुकड्यावर सगळं थोडं थोडं वाढलं. हे पान कावळ्यासाठी. कावळ्याने शिवल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही. एरवी आम्ही ते गच्चीवर ठेवायचो. पण गच्चीला कुलूप होतं आणि किल्ली सेक्रेटरींकडे, ते बाहेर गेलेले. तेल तापलेलं होतं, वडे अर्धे व्हायचे होते.

मी आजोबांना म्हटलं, "अहो, हे जरा खाली कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून येता? लगेच वर या."

त्यांचा चेहरा उजळला. दोन आठवड्यांत मी त्यांना पहिल्यांदा काही काम सांगितलं होतं. त्यांनी पान दोन्ही हातांवर घेतलं, खीर सांडणार नाही असं सरळ धरलं, आणि मी दार उघडून दिलं.

दार मी उघडून दिलं. एक दिवससुद्धा नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. मला तो एक दिवस वाटलाच नाही. मला ती दोन मिनिटं वाटली.

वीस मिनिटांनी मी गॅस बंद करून खाली गेले. भिंतीवर दुसऱ्यांची तीन पानं होती, आमचं नव्हतं. वॉचमन म्हणाला, "साहेब गेटच्या बाहेर गेले. हातात पान होतं. मी विचारलं, कुठे? म्हणाले, आलोच."

मी पाचही मित्रांना फोन केले. ते स्कूटर आणि रिक्षा घेऊन निघाले. पोलीस स्टेशनवर मी स्वतः गेले. तिथले हवालदार लिहून घेत होते. वय, उंची, रंग, कपडे. मी सगळं क्रमाने सांगितलं. पांढरा लेंगा, निळा बुशशर्ट, पायात स्लिपर. "हातात काही?" मी म्हटलं, "केळीचं पान." त्यांनी वर बघितलं. "जेवायचं?" "कावळ्याचं." त्यांचं पेन थांबलं. "आमच्या घरी पण आजच आहे, मावशी," ते म्हणाले. मग उठून त्यांनी लगेच गाडीवाल्यांना वायरलेसवर सांगितलं.

तुमच्या बाबांचा फोन तिथेच आला. शेजारच्या वहिनींनी कळवलं होतं. तुमच्याकडे तेव्हा पहाट होती.

"आई, ॲप उघड. माझ्याकडे लोड होत नाहीये. ठिपका कुठे दिसतोय?"

मी ॲप उघडलं. निळा ठिपका स्थिर होता.

"घरावर दाखवतोय," मी म्हटलं.

"घरावर? म्हणजे अडकलाय. शेवटचं लोकेशन दाखवतोय. शिट! एवढं महागाचं घड्याळ, आणि नेमकं आज? आई, रिफ्रेश कर."

मी रिफ्रेश केलं. ठिपका घरावरच होता. घड्याळ आपलं काम चोख करत होतं. कपाटात, पेटीत, आदल्याच रात्री मी नव्वद टक्के चार्ज करून ठेवलेलं. पंधरवड्यात तीन वेळा चार्ज केलं होतं मी ते, वहीत नोंद आहे.

"अजून घरावरच," मी म्हटलं.

मी एकही शब्द खोटा बोलले नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी मुलांना सांगत आले की अर्धवट खरं बोलणं हीच सगळ्यात हुशार लबाडी. ती किती सहज जमते ते मला पोलीस स्टेशनच्या बाकावर बसून कळलं.

आजोबा दिंडोशीला सापडले. संध्याकाळी पाचच्या सुमारास. हायवेच्या बाजूच्या रस्त्यावर फूटपाथचे ब्लॉक उखडलेले होते, तिथे पडले होते. एका वसाहतीच्या गेटवर काम करणाऱ्या बाईंनी त्यांच्या मोबाईलवर फिरत आलेला, मित्रांनी पाठवलेला आजोबांचा फोटो बघितला आणि त्या रस्ता ओलांडून गेल्या. आजोबा दीड-दोन तास तिथेच होते. लोक बाजूने जात होते. त्या बाई मला म्हणाल्या, "सगळ्यांना वाटलं पिऊन पडलाय. मला पण दुपारी तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू." त्यांचं हे बोलणं ऐकून मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मी त्यांच्यावर रागावले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. रात्रीच ॲडमिट केलं, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

ते तिकडे का गेले ह्यावर हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये खूप चर्चा झाली. मित्र म्हणाले, मरोळला निघाले असणार, कारखान्यात. हायवेने सरळ तोच रस्ता. सगळ्यांना ते पटलं, कारण ऐकायला बरं वाटत होतं. भूल उतरल्यावर नर्सने विचारलं, "आजोबा, कुठे चालला होता एवढ्या लांब?" ते म्हणाले, "कावळा मिळेना."

नर्स हसली. मी हसले नाही. अमावास्येला साऱ्या मुंबईतल्या कावळ्यांची पोटं दुपारपर्यंत भरलेली असतात, ते पानांकडे बघतही नाहीत. भिंतीवरची ती तीन पानं तशीच होती ना. मी त्यांना एक काम दिलं होतं आणि ते पुरं होत नव्हतं. अर्धवट काम टेबलावर टाकून उठणारे ते कधीच नव्हते.

ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले. पण अंथरुणातल्या सहा आठवड्यांत आजार दोन वर्षं पुढे गेला. त्यांना आता तुमचे बाबा आठवतात ते शाळेतले. मी कधी आठवते, कधी नाही. किल्ल्यांची नावं विचारली तर ते डोळे मिटून घेतात.

तुमच्या बाबांनी घड्याळाच्या कंपनीला लांबलचक तक्रार लिहिली. त्यांचं नम्र उत्तर आलं, त्या दिवसाच्या नोंदी पाठवा, आम्ही तपासतो. बाबांनी माझ्याकडे नोंदी मागितल्या. मी म्हटलं, आता ह्या सगळ्यात मला नको ओढूस. तो म्हणाला, "सॉरी आई, तुझ्यावर काय गेलं असेल." मी ती सॉरी ठेवून घेतली. म्हणून तुमच्या घरात आजवर हीच गोष्ट चालत आली, की घड्याळ चाललं नाही.

काल रात्री मी त्याला सगळं सांगितलं, हे पत्र तुमच्या हातात पडण्याआधी. क्रमाने सांगितलं, पक्ष, पेटी, पान, ठिपका.

तो म्हणाला, "मी तुला सांगितलं असतं ना, लगेच घाल म्हणून."

"म्हणूनच तुला विचारलं नाही."

"आई, ते लोक अजून मला मेल करतात गं. दर महिन्याला. प्रकरण बंद करू का म्हणून."

"कर बंद."

"हं," तो म्हणाला, आणि मग नीट आवरून, परक्या माणसाशी बोलावं तसं, "ठेवतो आता. मुलांना शाळेत सोडायचंय." त्याला राग यायलाच हवा. तो वर्षभर दुसऱ्याच कुणावर रागावला होता.

तुम्ही रागावलात तरी चालेल. पण आजोबांचं घड्याळ चाललं नाही असं पुन्हा म्हणू नका. उत्तम घड्याळ आहे ते. चाललो नाही ते आम्ही.

आता आजोबांची तब्येत विचारता म्हणून सांगते. ते वॉकर धरून उभे राहतात. रोज दुपारी फिजिओथेरपीवाली बाई येते आणि हॉलमध्ये त्यांना चालवते, सोफ्यापासून जेवणाच्या टेबलापर्यंत आणि परत. ऑपरेशननंतर मी दाराला वरून कडी बसवून घेतली होती, त्यांचा हात पोचणार नाही अशी. सुरुवातीचे काही महिने ते कडीकडे बघत दाराशी उभे राहायचे. एकदा त्यांनी सुताराला बोलवायला सांगितलं, कडी तिरकी बसलीय म्हणून. बसली होती तिरकी.

परवा संध्याकाळी ती बाई गेली आणि कडी लावायची राहिली. वाऱ्याने दार सताड उघडलं. मी स्वयंपाकघरातून आले तेव्हा आजोबा वॉकर धरून उंबऱ्याशी उभे होते. समोर लिफ्ट, जिना, खालून मुलांचे आवाज. मी धावले नाही. मला वाटलं, जाऊ दे, चार पावलं मी बरोबर जाईन. मी चपला घातल्या आणि त्यांच्या कोपराला हात लावला.

"चला," मी म्हटलं. "खाली एक फेरी मारून येऊ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळख नव्हती, पण नजर नम्र होती, अनोळखी बाईशी बोलताना त्यांची असायची तशी.

"नको, बाई," ते म्हणाले. "घरचे रागावतात."

आणि वॉकर वळवून, एकेक पाऊल मोजत, ते सोफ्याकडे परत गेले.

तुमची,
आजी